कामाची वही : पैसा, तास आणि नफा



सुगी आटोपते, माल बाजारात जातो, देणेकऱ्यांची देणी भागतात आणि मग एखाद्या रात्री जेवणे झाल्यावर घरातले कोणीतरी हळूच विचारते, "एवढं राबलो, एवढा पैसा हातातून गेला, मग उरलं काय?" घरधनी खिसा चाचपतो, बोटे मोजतो, आणि म्हणतो, "उरलं असेल थोडंफार." हा जो 'थोडंफार' शब्द आहे ना, त्याच्याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. या एका शब्दापायी पुष्कळ घरांची कष्टाची कमाई कोठे गेली ते कळत नाही, आणि दर वर्षी तीच चूक पुन्हा पदरात येते.

आजचा विषय कामाच्या अहवालाचा आहे. अहवाल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कचेरी, शिक्के आणि जाडजूड फायली येतील. तसले काही मी सांगणार नाही. शंभर पानी वही, एक पेन आणि आठवड्यातून अर्धा तास, एवढेच भांडवल यासाठी पुरे आहे.

हिशेब ठेवणे आपल्याला नवीन नाही. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आपल्या भाषेत मुरलेले आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले जमाखर्चाचे कागद रुमालात बांधून आजही जपून ठेवलेले आहेत. गावच्या वाण्याची चोपडीही आपण लहानपणापासून पाहत आलो. मग अडते कोठे? अडते ते असे. रोजकीर्द आपल्याला सांगते की आज किती आले आणि आज किती गेले. पण अमुक एका कामात, अमुक एका पिकात काय मिळाले, हे ती सांगत नाही. म्हशीच्या पेंडीचे पैसे, कांद्याच्या खताचे पैसे आणि मुलीच्या वह्यापुस्तकांचे पैसे एकाच पानावर एकाखाली एक पडतात. पान खरे असते, बेरीजही बरोबर असते, पण म्हशीने खाल्ले की कांद्याने खाल्ले, ते काही समजत नाही. शिवाय घरच्या माणसांनी किती तास अंग मोडले, त्याला तर त्या पानावर जागाच नसते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की प्रत्येक कामाला वेगळे पान द्यावे. कांद्याला एक, म्हशीला एक, विहिरीच्या खोदाईला एक, आणि कोणी काम अंगावर घेतले असेल तर त्या प्रत्येक कामाला एक. त्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात 'ठरवलेले', दुसऱ्यात 'झालेले' आणि तिसऱ्यात 'फरक' लिहावा. या तीन रकान्यांत तीन गोष्टी मांडाव्यात : पैसा, तास आणि काम किती पुरे झाले त्याचे माप. कामाचा अहवाल म्हणतात तो एवढाच.

आता हे नुसते बोलून पटायचे नाही. एक उदाहरण घेऊ. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, पण प्रसंग तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.

एक सुतार डोळ्यांपुढे आणा. हात चांगला, बोलणे गोड, शब्दाला पक्का. गावच्या शाळेने त्याला वीस बाके करायला सांगितली. एका बाकाला दोन हजार दोनशे रुपये, म्हणजे सगळे मिळून चव्वेचाळीस हजार. सुताराने रात्री बसून अंदाज केला. लाकूड २०,००० रुपये. खिळे, स्क्रू, डिंक, पॉलिश ३,०००. एका मदतनिसाची मजुरी, रोज पाचशेप्रमाणे वीस दिवस, १०,०००. टेम्पोचे भाडे १,५००. एकूण ३४,५०० रुपये. चव्वेचाळीसातून ते वजा केले की ९,५०० रुपये उरतात. त्याचे स्वतःचे काम दर बाकाला चार तास, म्हणजे ऐंशी तास. साडेनऊ हजारांना ऐंशीने भागले तर तासाला सुमारे ११९ रुपये पडतात. सौदा वाईट नव्हता. त्याने होकार दिला.

काम झाले, बाके शाळेत गेली, मुले त्यांवर बसलीही. गावात सगळे म्हणाले, "वा, वीस बाकं! चांगली कमाई झाली बुवा." त्यालाही तसेच वाटले, कारण चव्वेचाळीस हजार ही रक्कम एकदम हातात आली की माणसाला श्रीमंत झाल्यासारखे वाटते. पण आपण त्याचा दुसरा रकाना भरून पाहू.

लाकडाचा भाव त्याने मागच्या वर्षीचा धरला होता. वखारीत गेल्यावर भाव चढलेला निघाला. खर्च २२,४०० रुपये झाला. खिळे-पॉलिशचा ३,६००. मदतनिसाचे वीस दिवसांऐवजी सव्वीस दिवस लागले, म्हणजे १३,०००. शाळेने दहा बाके आधी आणि दहा नंतर मागितली, म्हणून टेम्पोच्या दोन खेपा झाल्या, २,५०० रुपये. एकूण खर्च ४१,५०० रुपये. उरले किती? अडीच हजार.

आणि त्याचे स्वतःचे तास? ऐंशीच्या जागी एकशे पंचवीस. पंधरा तास वखारीच्या चकरांत गेले, दहा तास बिलाच्या मागे, वीस तास वीज नसताना खोळंबून आणि मग ते भरून काढण्यात. अडीच हजारांना एकशे पंचवीसने भागा. तासाला वीस रुपये. त्याच्या हाताखालच्या मदतनिसाला आठ तासांचे पाचशे मिळत होते, म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये. धनी वीस रुपयांवर आणि मदतनीस साडेबासष्टवर!

एवढ्यावर थांबत नाही. बिलाचे पैसे तीन महिन्यांनी आले. लाकडासाठी त्याने वीस हजार रुपये शेकडा दोन रुपये दरमहा व्याजाने काढले होते. तीन महिन्यांचे व्याज १,२०० रुपये. आता उरले १,३००. तासाला दहा रुपये चाळीस पैसे.

यात वाईट कोणती गोष्ट म्हणाल? तोटा झाला ही नव्हे. कमीजास्त धंद्यात चालायचेच. वाईट ही, की त्याला हे कळलेच नाही. पुढल्या वर्षी शेजारच्या गावच्या शाळेने बाके सांगितली, तर तो पुन्हा बावीसशेच भाव सांगणार आणि वर म्हणणार, "मागच्या खेपेला परवडलं होतं की." असे चार सौदे केले की घरातला दागिना सावकाराकडे जातो, आणि दोष लागतो नशिबाला.

आता हीच गोष्ट वहीने कशी वळली असती ते पाहा. तेराव्या दिवशी सुताराने पान उघडले असते तर त्याला दिसले असते, की ठरवल्याप्रमाणे दहा बाके दहाव्या दिवशी व्हायची होती. ती तेराव्या दिवशी झाली. म्हणजे याच चालीने वीस बाकांना सव्वीस दिवस लागणार. हे अर्ध्या वाटेवरच कळले असते. आणि 'तास' रकान्याशेजारी त्याने कारण लिहिले असते तर रोज दुपारी एकच शब्द आला असता : वीज नाही, वीज नाही, वीज नाही. तेरा दिवसांत असे चोवीस तास मदतनीस हातावर हात ठेवून बसलेला. म्हणजे पुरे तीन दिवस. मग उपाय सुचायला काय वेळ? मदतनिसाला सकाळी सहाला बोलवायचे, कापणी-रंधणी विजेच्या वेळात उरकायची आणि पॉलिशचे हातकाम दुपारी ठेवायचे. उरलेले तीन दिवस, म्हणजे दीड हजार रुपये, वाचले असते. टेम्पोची दुसरी खेप मागितली गेली तेव्हाच मुख्याध्यापकांना नम्रपणे म्हणता आले असते, "गुरुजी, दोनदा आणायचं तर हजार रुपये जास्त पडतील, तेवढं कागदावर घेऊ या." गुरुजी काही नाही म्हणाले नसते.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. अहवाल काम संपल्यावर लिहिला तर ती उत्तरीय तपासणी होते. रोगी का दगावला ते कळते, पण रोगी काही उठून बसत नाही. काम चालू असताना लिहिलेला अहवाल नाडीपरीक्षेसारखा असतो. म्हणून दर आठवड्याला, बाजारच्या दिवशी म्हणा, अर्धा तास वहीला द्यावा.

दुसरी गोष्ट. खर्च झालेला पैसा आणि पुरे झालेले काम, ही दोन मापे वेगळी आहेत. विहिरीसाठी ठरवलेल्या पैशांतला निम्मा पैसा संपला, म्हणजे विहीर निम्मी झाली असे नव्हे. वरची माती भराभर निघते, खाली कातळ लागतो. निम्मा पैसा संपताना तिसरा हिस्साच खोली झाली असेल, तर त्याच दिवशी थांबून विचार करायला हवा : उरलेले पैसे पुरतील का? नसतील पुरत, तर आणखी कोठून आणायचे? का येथेच थांबायचे? हा विचार पैसे असताना करता येतो. पैसे संपल्यावर नुसती काळजी करता येते.

आता शेताकडे वळू. शेतकरी म्हणेल, "सुताराचं ठीक आहे, त्याचा भाव आधी ठरतो. आमचा भाव बाजार ठरवतो, पाऊस आमच्या हातात नाही. आम्ही वही ठेवून काय करू?" प्रश्न रास्त आहे. पण जे हातात नाही ते कळण्यासाठी, जे हातात आहे ते आधी मोजावे लागते.

पुन्हा कल्पनेतले आकडे घेऊ. एक एकर उन्हाळी कांदा. रोप, खत, औषध, बाहेरची मजुरी, गोण्या, वाहतूक, अडत मिळून रोख खर्च ४५,००० रुपये. माल निघाला नव्वद क्विंटल, भाव मिळाला क्विंटलला नऊशे. आले ८१,००० रुपये. घरधनी म्हणतो, "छत्तीस हजार सुटले."

खरे आहे. रोख खर्च वजा जाता छत्तीस हजार सुटले. आता घरचे श्रम मांडू. त्याचे स्वतःचे पंचेचाळीस दिवस, घरधनिणीचे साठ दिवस. एकशे पाच दिवस. रोज तीनशे रुपये धरले तर ३१,५०० होतात. उरले ४,५००. आता तीच जमीन दुसऱ्याला खंडाने दिली असती तर पंधरा हजार आले असते असे समजा. तेही धरले की साडेदहा हजारांची तूट येते.

छत्तीस हजार नफा, साडेचार हजार नफा आणि साडेदहा हजार तोटा. एकाच पिकाची ही तीन उत्तरे. यातले खोटे कोणते? एकही नाही. पहिले उत्तर सांगते की खिशातून गेलेला पैसा परत आला का. दुसरे सांगते की घरच्या घामाचे मोल मिळाले का. तिसरे सांगते की जमिनीचेही मोल निघाले का. प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. आपली फसगत होते ती एका प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर दिल्यामुळे.

हाच हिशेब क्विंटलवर आणा. रोख खर्च क्विंटलला पाचशे रुपये पडला. घरची मजुरी धरून साडेआठशे. जमिनीचा खंड धरून एक हजार सतरा. हे तीन आकडे खिशातल्या चिठ्ठीवर लिहून बाजार समितीत गेलात, तर लिलावात सातशेची बोली झाली तेव्हा तुम्हाला नेमके कळेल की आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत. भाव वाढवणे तुमच्या हाती नसेल, पण आज विकायचे की चाळीत ठेवायचे, आणि पुढल्या वर्षी एकर लावायचा की अर्धा, हे तर तुमच्या हाती आहे ना?

हा विचार माझ्या पदरचा नाही. आपल्या देशात १९५४-५५ पासून शेतीच्या खर्चाची शास्त्रशुद्ध पाहणी सुरू झाली. त्या वेळच्या मुंबई राज्यात त्यासाठी नाशिक आणि अहमदनगर हे दोन जिल्हे निवडले होते. यांतल्या दुसऱ्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. काही शेतकऱ्यांच्या शेतावरची रोजची कामे, माणसांचे आणि बैलांचे श्रम, गावात राहणारे पाहणीदार लिहून घेत. त्याच्याही आधी, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावातल्या जमिनीचा, पिकांचा, कर्जाचा आणि घरोघरच्या मिळकतीचा हिशेब मांडून १९१७ साली तो पुस्तकरूपाने छापला होता. ते गाव आज शहरात मिसळून गेले आहे, पण हिशेबाची ती रीत राहिली.

१९६५ साली केंद्र सरकारने कृषि मूल्य आयोग नेमला. १९८५ पासून त्याचे नाव कृषि खर्च व मूल्य आयोग असे झाले. हा आयोग आधारभूत किंमतीची शिफारस करताना खर्चाचे असेच वेगवेगळे थर मोजतो. रोख आणि वस्तुरूप खर्च, त्यात बाहेरून खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड मिळवला की त्याला 'ए-टू' म्हणतात. घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल म्हणजे 'एफ-एल'. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचे व्याज हेही धरले की 'सी-टू'. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने, जो २००४ ते २००६ या काळात काम करीत होता, आधारभूत किंमत सरासरी उत्पादनखर्चाहून निदान निम्म्याने अधिक असावी अशी शिफारस केली. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट भावाची घोषणा झाली, तेव्हा वाद पेटला तो 'दीडपट' या शब्दावरून नव्हे, तर 'खर्च' या शब्दावरून. सरकारने ए-टू आणि एफ-एल धरला. शेतकरी संघटनांचे म्हणणे सी-टू धरा असे होते. दिल्लीतला तो वाद आणि आपल्या ओसरीवरचा "उरलं काय?" हा प्रश्न, दोन्ही एकच आहेत. ज्याच्या वहीत हे तीन थर लिहिलेले आहेत, त्याला तो वाद स्वतःच्या आकड्यांनिशी समजेल आणि मांडताही येईल.

आता एक नाजूक गोष्ट बोलतो. तासांचा रकाना भरताना घरातल्या बायकांचे तास वेगळे लिहा. खुरपणी, रोपे उपटणे, कांदा काटणे, निवडणे, म्हशीची धार, शेण, वैरण. हे सगळे "घरचंच काम" म्हणून आपण सोडून देतो. ज्या श्रमाची नोंद नाही ते फुकट वाटतात, आणि जे फुकट वाटते ते आपण सहज वाया घालवतो. आमच्या उदाहरणात घरधनिणीचे दिवस धन्यापेक्षा पंधराने जास्त होते, हे तुमच्या ध्यानात आले का? वही लिहिली नसती तर ते त्या घरातही कोणाच्या ध्यानात आले नसते. आणि आणखी एक. कांदा काटायच्या दिवसांत मुलगी शाळेतून घरी ठेवली जाते. तिचाही तास लिहा. लिहिताना हात थोडा अडखळेल. तो अडखळावा, हीच माझी इच्छा आहे. शिक्षक मंडळी हजेरीच्या पुस्तकात ज्या दिवशी 'गैरहजर' लिहितात, तोच दिवस घरच्या वहीत 'मजुरी वाचली' म्हणून मोजला जात असेल, तर ही बचत आपल्याला फार महागात पडते आहे.

येथे कोणी शहाणा विचारील, "तोटा निघाला म्हणून शेती सोडायची का?" नाही. वहीत तूट दिसली की लगेच बैल विकायचे नसतात. ज्या दिवसांत दुसरे कामच मिळत नाही, त्या दिवसांतली घरची मजुरी तीनशे धरायची की कमी, हा विचार करावा लागतो. चाऱ्यासाठी, फेरपालटासाठी, घरच्या धान्यासाठी काही पिके घ्यावीच लागतात. सुतारही एखादे काम गावच्या शाळेचे म्हणून कमी पैशांत करील, आणि ते शोभेलही. पण समजून उमजून सोडलेला पैसा वेगळा आणि नकळत गळालेला पैसा वेगळा. पहिल्याला आपण औदार्य म्हणतो; दुसऱ्याला भोक म्हणतात.

घर झाले, शेत झाले, आता गाव. गावात रस्ता होतो, शाळेची भिंत होते, बंधारा होतो. प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक असते, हजेरीपट असतो, मोजमापाची वही असते. म्हणजे आपले तीन रकाने तेथे आधीच आहेत : पैसा, श्रम आणि माप. ते मोठ्याने वाचले मात्र जात नाहीत. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली. गावातल्या कामांचे कागद लोकांसमोर वाचून दाखवले. लोकांनी ऐकले, आणि कागदावरचे काम आणि जमिनीवरचे काम ताडून पाहिले. अशा सुनावण्यांतून उभी राहिलेली चळवळ पुढे २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यापर्यंत पोचली. अहवाल मोठ्याने वाचण्यात केवढी ताकद आहे, हे यावरून कळते.

न वाचलेल्या अंदाजाचे काय होते, तेही पाहा. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ साली तो प्रकल्प ३७२ कोटी रुपयांना मंजूर झाला. १९८८ साली भूमिपूजन झाले, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि त्याचा सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या पुढे गेला. जवळजवळ पन्नासपट. भाववाढ, भूसंपादन, पुनर्वसन, आराखड्यातले बदल अशी कारणे पुष्कळ आहेत. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर पाण्याची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली. वाट पाहण्याचे तास कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेले नसतात.

उलट बाजूही सांगतो. नगरजवळचे हिवरे बाजार तुम्हाला ठाऊक आहे. तेथे पावसाळ्यानंतर गावाने पाऊस मोजून पाण्याचा अंदाज मांडायची रीत पाडली. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, पिण्याला आणि जनावरांना किती हवे, ते वजा जाता पिकांना किती उरते. मग त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी तर जास्त पाणी पिणारे पीक कमी. आपलेच तीन रकाने, पैशाच्या जागी फक्त पाणी. आधी मोजायचे आणि मग पेरायचे, एवढेच त्याचे मर्म.

आता शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या गणितात नफातोटा, सरासरी, शेकडेवारी असते. पुस्तकातला व्यापारी आंबे विकतो आणि नफा काढतो, पण त्याचे तास कोणी मोजत नाही. शाळेच्या परसबागेचा एक वाफा मुलांकडे द्या. मेथी पेरा. बियाणे किती, पाणी किती बादल्या, कोण किती वेळ खुरपत होते, जुड्या किती निघाल्या, बाजारभावाने किती झाले, हे मुलांना दर शनिवारी लिहू द्या. पेरण्याआधी अंदाज लिहून घ्या आणि शेवटी फरक काढा. अंदाज चुकला म्हणून कोणाला रागावू नका. 'का चुकला' हा प्रश्न विचारा; खरा अभ्यास तेथून सुरू होतो. हेच मूल घरी जाऊन बापाच्या शेजारी बसेल आणि म्हणेल, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहितो." ज्या घरात लिहिता येणारे मोठे माणूस नाही, तेथे हे मूलच कारभारी होईल.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. वही खरी लिहा. अंदाज चुकला म्हणून मागे जाऊन तो खोडू नका. त्यावर एक रेघ मारा आणि शेजारी नवा आकडा, तारीख आणि कारण लिहा. खोडलेला आकडा काही शिकवत नाही, चुकलेला आकडा शिकवतो. रोजचे लिहायला कंटाळा आला तर निदान दोन गोष्टी रोज लिहा : किती तास, आणि काय खोळंबा. पैशाची पावती नंतर सापडते, पण गेलेल्या तासाची पावती कोणीच देत नाही. आठवड्याने आठवू म्हणाल, तर 'थोडंफार'च आठवेल.

आता शेवटचे सांगतो आणि पुरे करतो. येत्या बाजारच्या दिवशी भाजीबरोबर एक वही आणा. पहिल्या पानावर, सध्या हातात असलेल्या एकाच कामाचे नाव घाला. सगळी कामे एकदम मांडायला जाऊ नका, दमाल. तीन रकाने आखा. रात्री दिव्यापाशी घरातल्या सगळ्यांना बसवा आणि 'ठरवलेले' हा रकाना सर्वांनी मिळून भरा. पुढल्या बाजाराला दुसरा रकाना भरा. मग फरक पाहा, आणि फरक कोणाचा हे न विचारता, कशामुळे हे विचारा.

असे एक वर्ष गेले की सुगीनंतरच्या त्या रात्री कोणी विचारले, "उरलं काय?" तर कोणालाही खिसा चाचपावा लागणार नाही. वही उघडायची आणि आकडा वाचून दाखवायचा. तो आकडा कधी सुखाचा असेल, कधी दुःखाचा. पण तो आपला स्वतःचा असेल, आणि त्यावर पुढल्या वर्षाचा बेत करता येईल.